प्रीमियर, रिझॉल्व्ह की फायनल कट : प्रोजेक्ट हलवताना काय सोबत येतं, काय मागे राहतं

व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर बदलायचं म्हटलं की पहिली धास्ती शॉर्टकटची असते. ती सोडून द्या. रिझॉल्व्हच्या कीबोर्ड कस्टमायझेशनमध्ये प्रीमियर, फायनल कट आणि अ‍ॅव्हिड या तिघांचे तयार लेआउट आहेत. हवा तो निवडला की हात लगेच चालू लागतो. घोडं अडतं ते जुन्या प्रोजेक्टांपाशी. टायटल, इफेक्ट, प्लगइन, नेस्ट केलेले (एकात एक बसवलेले) सीक्वेन्स यांतलं पलीकडे किती पोचतं, यावरच निर्णय घ्यावा.

प्रीमियरकडून रिझॉल्व्हकडे

सगळ्यात जास्त वर्दळ याच वाटेवर आहे. प्रीमियरमधून 'फायनल कट प्रो एक्सएमएल', म्हणजे एडिटची माहिती लिहिलेली फाइल, काढायची आणि रिझॉल्व्हमध्ये इम्पोर्ट करायची. नाव फसवं आहे. हे जुन्या फायनल कट ७ चं फॉरमॅट. २०११ मध्ये अ‍ॅपलने फायनल कट नव्याने लिहिलं तेव्हा एक्सएमएलही बदललं, त्यामुळे आजचं फायनल कट ही फाइल थेट उघडत नाही. रिझॉल्व्ह उघडतं.

कट, डिझॉल्व्ह, पोझिशन, स्केल, ओपॅसिटी आणि सरळ स्पीड बदल बहुधा नीट येतात. स्पीड रॅम्प (हळूहळू बदलत जाणारा वेग) मात्र प्रत्येक तपासावा. प्रीमियरमधलं लुमेट्रीचं कलर, थरथर घालवणारा वॉर्प स्टॅबिलायझर, ग्राफिक्स टेम्पलेट आणि आफ्टर इफेक्ट्सच्या डायनॅमिक लिंक (त्या अ‍ॅपमधल्या ग्राफिक्सशी थेट जोडणी) येत नाहीत. ज्यांचं काम टायटल आणि मोशन ग्राफिक्सवर उभं आहे, त्यांनी इथेच थांबून विचार करावा. रिझॉल्व्हमधलं ग्राफिक्सचं साधन फ्यूजन ताकदीचं आहे, पण ते नोडवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या चौकटींवर चालतं. लेअरची सवय असलेल्याला साधं लोअर थर्ड (पडद्याच्या तळाची नावाची पट्टी) बसवायलाही सुरुवातीला घाम फुटतो.

एक्सएमएल काढण्याआधी सीक्वेन्सची कॉपी करा आणि सगळी साफसफाई कॉपीवरच करा. मल्टिकॅम फ्लॅटन करा (निवडलेल्या कॅमेऱ्याची क्लिपच ठेवा), बंद ठेवलेल्या क्लिप उडवा, डायनॅमिक लिंकचे तुकडे प्रोरेस ४४४४ या उच्च दर्जाच्या फॉरमॅटमध्ये रेंडर करून त्यांच्या जागी बसवा. मग फ्रेम साइजकडे बघा, कारण बहुतेक गोंधळ तिथेच होतो. १९२०च्या सीक्वेन्समध्ये ३८४०ची क्लिप 'सेट टू फ्रेम साइज'ने बसवली, तर स्केलचा आकडा ५० दिसतो आणि तोच एक्सएमएलमध्ये जातो. 'स्केल टू फ्रेम साइज' वापरलं असेल तर चित्र तेवढंच दिसतं, पण आकडा १०० राहतो. वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला खरं माप कळायला मार्गच उरत नाही, आणि शॉट भलत्याच मापात उतरतात. रिझॉल्व्हमध्ये असं झालं तर इमेज स्केलिंगमध्ये जाऊन, मापात न बसणाऱ्या फाइलसाठी 'सेंटर क्रॉप विथ नो रिसायझिंग' लावून पाहा.

फ्रेम रेट मात्र सुरुवातीलाच ठरवा. रिझॉल्व्हच्या मीडिया पूलमध्ये (क्लिपच्या साठ्यात) पहिली क्लिप आली की प्रोजेक्टचा टाइमलाइन फ्रेम रेट कुलूपबंद होतो. २३.९७६ च्या जागी २४ राहिला, तर कट हळूहळू सरकत जातात आणि दोष विनाकारण एक्सएमएलच्या माथी मारला जातो.

पडताळणीसाठी प्रीमियरमधूनच टाइमकोड छापलेली पूर्ण फिल्म काढा, रिझॉल्व्हमध्ये 'ऑफलाइन रेफरन्स क्लिप' म्हणून घ्या, टाइमलाइनला जोडा आणि एकेक कट ताडून बघा. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही. अर्धी झालेली फिल्म मध्येच हलवू नये ती याचमुळे. तिचं एडिट प्रीमियरमध्येच पुरं करावं आणि फक्त कलरसाठी रिझॉल्व्हकडे न्यावं.

पैसे आणि मशीन

प्रीमियर वर्गणीवर चालतं. वर्गणी थांबली की स्वतःचंच प्रोजेक्ट उघडता येत नाही. रिझॉल्व्ह स्टुडिओ एकदाच घ्यायचं, एक अ‍ॅक्टिवेशन-की दोन मशीनवर चालते. मोफत रिझॉल्व्हही जुजबी नाही, मात्र एक्स्पोर्ट अल्ट्रा एचडी आणि सेकंदाला ६० फ्रेमपर्यंतच होतो, आणि नॉइज रिडक्शन स्टुडिओमध्येच मिळतं. लिनक्सवर तर मोफत आवृत्ती एच.२६४ उघडतही नाही.

वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात जाऊ शकतात. रिझॉल्व्हचा बहुतेक भार जीपीयूवर, म्हणजे त्या कार्डावर असतो. ४ जीबी मेमरीवर ४के टाइमलाइनला नॉइज रिडक्शन लावलं की 'जीपीयू मेमरी फुल'चा निरोप येणारच. जुन्या लॅपटॉपवर प्रीमियर आणि प्रॉक्सी (क्लिपच्या हलक्या प्रती) ही जोडी जास्त निभावून नेते.

फायनल कट

फक्त अ‍ॅपलच्या उपकरणांवर. अ‍ॅपलच्याच चिपवर ते हलकं आणि चपळ चालतं, एकट्याने भराभर काम उपसणाऱ्याला याहून सुटसुटीत काही नाही. पण ट्रॅक नाहीत. मॅग्नेटिक टाइमलाइनमध्ये एक क्लिप काढली की पुढच्या आपोआप सरकतात, आणि संवाद, संगीत, इफेक्ट वेगळे ठेवायचे तर ट्रॅकऐवजी प्रत्येक क्लिपला रोल (एक प्रकारची लेबलं) लावावे लागतात. रोल लावायचा आळस केला की ध्वनीचं काम दुसऱ्याकडे सोपवताना सगळी खिचडी होते. एका लायब्ररीत एका वेळी एकानेच काम करायचं, हीही अडचण.

इथून बाहेर पडणं आणखी अवघड. फायनल कटचं एफसीपीएक्सएमएल प्रीमियरला वाचता येत नाही. एक्सटूसीसी हे रूपांतराचं अ‍ॅप आहे, किंवा रिझॉल्व्हचा पूल करायचा: एफसीपीएक्सएमएल तिथे उघडायचं आणि फायनल कट ७ चं एक्सएमएल काढून प्रीमियरला द्यायचं. त्याआधी कंपाउंड क्लिप (अनेक क्लिपांचे एकत्र बांधलेले गट) सोडवून घ्या.

अ‍ॅव्हिडबद्दल थोडक्यात: चारपाच जण एकाच फिल्मवर बसत असतील तर त्याचं बिन लॉकिंग (क्लिपांच्या फोल्डरला कुलूप) अजूनही सर्वांत भरवशाचं. एक जण लिहितो, बाकीचे फक्त बघतात. अशाच सामायिक कामासाठी प्रीमियरने २०२० मध्ये 'प्रॉडक्शन्स' आणलं, रिझॉल्व्हकडे प्रोजेक्ट सर्व्हर आहे. एकट्या माणसाने अ‍ॅव्हिडच्या वाटेला जाण्याचं कारण नाही.

ध्वनीचं काम बाहेर जाणार असेल तर एएएफ (ध्वनीचं एडिट पलीकडे नेणारी फाइल) द्या, प्रत्येक क्लिपच्या दोन्ही बाजूंना काही सेकंदांचे हँडल (जादा लांबी) ठेवून. ओएमएफ हे त्याच कामाचं फॉरमॅट जुनं झालं, त्याची फाइल २ जीबीच्या पुढे जात नाही. मिक्सही घरातच करायचं असेल, तर २०१७ पासून रिझॉल्व्हमध्ये असलेलं ध्वनीचं साधन फेअरलाइट बाकीच्यांपेक्षा बरंच पुढे आहे.

चाचणी घ्यायची तर स्वतःच्या सर्वांत गुंतागुंतीच्या प्रोजेक्टातली दोन मिनिटं घ्या. साधे कट कुठेही जातात, त्यातून काही कळत नाही. ती दोन मिनिटं पलीकडे दुरुस्त करायला किती वेळ लागला तो मोजा आणि पूर्ण लांबीला गुणा.

बदल ठरलाच तर चालू कामं जुन्यात संपवा, नवीन काम नव्यात सुरू करा. जुन्या प्रत्येक प्रोजेक्टची प्रोरेस मास्टर, टायटल नसलेली प्रत, संवाद-संगीत-इफेक्टचे वेगळे ट्रॅक आणि एक्सएमएल काढून ठेवा, आणि तेही वर्गणी चालू असतानाच. रिझॉल्व्हची आवृत्ती वाढवताना प्रोजेक्ट लायब्ररीचा बॅकअप आधी घ्या. अपग्रेड झालेली लायब्ररी जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही.