तीन वर्षांचा ‘आंतरराष्ट्रीय परवाना’

परदेशात स्वतः मोटार चालवण्याचा बेत असणाऱ्या, आणि त्यासाठी लागणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, म्हणजे ज्याला सगळेच आयडीपी म्हणतात तो, घरबसल्या मागवू पाहणाऱ्या वाचकांसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. आम्हाला फसवणारे संकेतस्थळ देखणे होते, त्यावरची भाषा निर्दोष होती, शंका विचारल्यास मध्यरात्रीही उत्तर मिळत होते, आणि त्याने जी वस्तू विकली तिचे खरे वर्णन त्याच्याच अटींच्या पानावर, बऱ्याच खाली, बारीक अक्षरांत केलेले होते. त्यामुळे हा प्रकार आधी ओळखणे जितके अवघड होते, तितकेच तो नंतर फसवणूक म्हणून सिद्ध करणेही अवघड गेले.

जुलैमध्ये आम्ही दोघे, मुलगी आणि माझे आईवडील असे जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावर जाणार होतो. फुरानो आणि बिएई या भागांतील लॅव्हेंडरची शेते त्या दिवसांत बहरात असतात, पण ती एकमेकांपासून दूरदूर पसरलेली आहेत, बसगाड्यांच्या फेऱ्या बेताच्या आहेत, आणि वडिलांच्या गुडघ्यांमुळे थांब्यापासून शेतापर्यंतची पायपीट शक्य नव्हती. जपानमध्ये आपल्यासारखीच वाहने डाव्या बाजूने चालतात, तेव्हा मोटार भाड्याने घ्यावी असे ठरले आणि न्यू चितोसे विमानतळाजवळच्या एका कंपनीकडे सात आसनांची गाडी आरक्षित केली. त्या कंपनीच्या अटींत परदेशी चालकाने मूळ परवाना, पासपोर्ट आणि रस्ते वाहतुकीबाबतच्या १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला आयडीपी अशा तीन गोष्टी दाखवाव्यात, असे लिहिले होते.

आयडीपी कसा काढायचा हे शोधताना सर्वांत वर जे दुवे आले, ते सगळे जाहिरातीचे होते. सरकारच्या परिवहन संकेतस्थळाचा दुवा बराच खाली होता. पहिल्या दुव्यावर निळ्या-पांढऱ्या रंगातले एक पान उघडले, ज्यावर जगाचा नकाशा आणि ऑलिव्हच्या फांद्या असलेले, संयुक्त राष्ट्रांच्या बोधचिन्हाशी बेमालूम मिळतेजुळते चिन्ह होते, ‘संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार’ असा उल्लेख होता आणि दीडशेहून अधिक देशांत मान्यता असल्याचा दावा होता. एक, दोन किंवा तीन वर्षांची मुदत निवडता येत होती. मुदत वाढेल तसा दर वर्षामागे कमी होत जात होता, मूळ किंमत खोडून सवलतीची किंमत लाल रंगात दाखवली होती आणि सवलत संपण्याचे घड्याळ उलटे धावत होते. परवान्याच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र, स्वतःचे छायाचित्र, सही आणि पासपोर्टचा तपशील एवढे भरल्यावर पैसे मागितले गेले. पत्नीचा आणि माझा असे दोन संच, त्यांवर प्लास्टिकचे कार्ड, त्यावर जलद कुरियर असे एकेक वाढत जाऊन रक्कम डॉलरमध्ये बरीच झाली, पण परदेश प्रवासाच्या एकूण हिशेबात ती डोळ्यांवर येत नाही. या धंद्याचा अंदाज नेमका याच मानसिकतेवर बेतलेला आहे, असे माझे मत आहे.

पैसे भरल्यानंतर काही मिनिटांत डिजिटल प्रत आली. जो दस्तऐवज देण्यापूर्वी सरकारी अधिकाऱ्याने मूळ परवाना तपासायला हवा, तो इतक्या थोड्या वेळात तयार कसा होतो, हा प्रश्न पत्नीने विचारलाही होता. संकेतस्थळावरच्या गप्पांच्या चौकटीत तो टाकला तेव्हा ‘आमची पडताळणी स्वयंचलित आहे’ असे अत्यंत नम्र उत्तर आले. पुढे कुरियरने राखाडी आवरणाच्या, अनेक भाषांत मजकूर छापलेल्या, आमची छायाचित्रे व्यवस्थित चिकटवलेल्या दोन पुस्तिका आल्या. खऱ्या आयडीपीचे आवरणही राखाडीच असते, त्यामुळे चित्रांत पाहिलेल्या नमुन्याशी त्या जुळत होत्या.

विमानतळाजवळच्या त्या कंपनीच्या काउंटरवर बसलेल्या बाईंनी पुस्तिका हातात घेतल्यावर दोन पाने पाहिली, त्याहून जास्त नाही. त्यांच्याजवळ निरनिराळ्या देशांच्या खऱ्या आयडीपींचे नमुने लावलेली एक फाइल होती, तिच्यातले भारताचे पान त्यांनी आमच्यासमोर उघडून ठेवले. परवाना कोणी दिला या रकान्यात आमच्या पुस्तिकेवर एका खासगी संस्थेचे भारदस्त नाव होते. कोणत्याही परिवहन कार्यालयाचे नाव, शिक्का वा अधिकाऱ्याची सही नव्हती. दुसरे म्हणजे मुदत तीन वर्षांची होती. १९४९ च्या करारानुसार दिलेला आयडीपी जास्तीत जास्त एका वर्षाचा असतो. तीन वर्षांपर्यंतची मुदत १९६८ च्या व्हिएन्ना करारातल्या परवान्याला असते, आणि जपान फक्त १९४९ चा परवाना मानतो. म्हणजे ज्या तीन वर्षांसाठी आम्ही जादा पैसे मोजले, त्या मुदतीनेच पुस्तिका निकामी असल्याचे पहिल्या नजरेत सांगितले. त्या बाईंच्या वागण्यात उद्धटपणा अजिबात नव्हता, उलट त्या वारंवार वाकून दिलगिरी व्यक्त करत होत्या, परंतु गाडीची किल्ली त्यांनी दिली नाही. ऐनवेळी आरक्षण रद्द झाल्याचे शुल्कही नियमाप्रमाणे कापले गेले.

आमचे भारतीय परवाने तर खरे होते, ते इंग्रजीत होते, मग अडचण काय, असा युक्तिवाद मी तिथे करून पाहिला. जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंड अशा मोजक्याच देशांचे परवाने अधिकृत जपानी भाषांतरासह तिथे चालतात, आणि त्या यादीत भारत नाही. वैध आयडीपी नसताना गाडी चालवणे हे जपानी कायद्याने विनापरवाना वाहन चालवणे ठरते आणि त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. चालकाकडे परवाना नाही हे माहीत असून त्याला गाडी देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे, त्यामुळे काउंटरवरची माणसे इतकी काटेकोर असतात. एखाद्या ढिल्या कंपनीने गाडी दिली असती तर ते आम्हाला त्या क्षणी बरे वाटले असते, पण अपघात झाला असता तर चालक विनापरवाना ठरून गाडीच्या विम्याचे संरक्षणही हातचे जाण्याची आणि समोरच्याच्या नुकसानीचा बोजा आमच्यावर येण्याची शक्यता होती. ज्यांना असाच कागद दाखवून एखाद्या देशात गाडी मिळाली आहे, आणि अशी माणसे मला नंतर भेटली, त्यांनी तो कागद खरा असल्याचा हा पुरावा मानू नये.

भारतीय दूतावासातून काही होईल का, याचीही चौकशी केली. २०२१ च्या जानेवारीतील केंद्र सरकारच्या अधिसूचनेने दूतावासामार्फत अर्ज करण्याची सोय झाली आहे, पण ती परदेशात असताना ज्यांच्या आयडीपीची मुदत संपली आहे त्यांच्यासाठी आहे. ज्याच्याकडे मुळात आयडीपी नव्हताच, त्याचा तो पहिल्यांदा तिथून निघत नाही. शेवटी आम्ही साप्पोरोहून रेल्वेने फुरानोला गेलो आणि वडिलांसाठी तिथे टॅक्सी ठरवली. जपानमधल्या टॅक्सीचे मीटर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याहून अधिक सांगायला नको. बिएईचा बेत सोडून द्यावा लागला.

आता खरी पद्धत सांगतो, कारण ती इतकी साधी आहे की तिची माहिती नसण्यावरच या संकेतस्थळांचे पोट चालते. भारतात आयडीपी देण्याचा अधिकार आपण राहतो त्या भागाच्या परिवहन कार्यालयाला, म्हणजे आरटीओला आहे. परिवहनच्या संकेतस्थळावर सारथी विभागात राज्य निवडून, परवान्याचा क्रमांक आणि जन्मतारीख टाकून, आयडीपीची सेवा निवडायची आणि नमुना ४-अ हा अर्ज भरायचा. त्यात कोणत्या देशांत आणि किती काळासाठी जाणार हे विचारलेले असते. शुल्क १,००० रुपये आहे. त्यानंतर अनेक ठिकाणी मूळ कागदपत्रे घेऊन कार्यालयात जावे लागते. वर उल्लेख केलेल्या २०२१ च्या अधिसूचनेनेच अर्ज करताना वैद्यकीय प्रमाणपत्र आणि व्हिसा असण्याची अट काढून टाकली आहे, तरीही कार्यालयाबाहेरचे एजंट ‘व्हिसा आल्याशिवाय काम होणार नाही, पण आपल्याकडे सोय आहे’ असे सांगतात, हेही ध्यानात ठेवावे. पूर्वी प्रत्येक राज्याच्या पुस्तिकेचा आकार, रंग आणि मांडणी वेगवेगळी असे व त्यामुळे खरा आयडीपी असणाऱ्यांनाही परदेशात अडचणी येत. २६ ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेने देशभर एकच नमुना ठरवला आणि त्यावर मूळ परवान्याशी जोडणारा क्यूआर कोड आणला. मुदत एक वर्ष, किंवा मूळ परवाना त्याआधी संपत असेल तर तोपर्यंत.

आरटीओ या शब्दानेच आपल्याकडच्या माणसाच्या मनात रांगा, झेरॉक्सची दुकाने आणि पुन्हा उद्या या, हे सारे उभे राहते, आणि ती भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पण ती टाळण्यासाठी अनेक पटींनी पैसे देऊन आपण जे घेतो, त्याला अटींच्या पानावर ते संकेतस्थळ स्वतःच ‘सरकारी दस्तऐवज नसलेले, परवान्याचे खासगी भाषांतर’ म्हणते. पहिल्या पानावर मात्र हे वाक्य कुठेही नसते. हा प्रकार भारतापुरता नाही. अमेरिकेतल्या ग्राहकसंरक्षण यंत्रणेनेही बनावट आयडीपी विकणाऱ्यांबद्दल नागरिकांना सावध केले आहे. आपल्यापैकी जे परदेशात स्थायिक असून तिथला परवाना वापरतात, त्यांचा आयडीपी तो परवाना देणाऱ्या देशातूनच निघतो, भारतातून नाही. ब्रिटनमध्ये पूर्वी तो पोस्टात मिळत असे, १ एप्रिल २०२४ पासून ‘पेपॉइंट’ ही बिले भरण्याची सेवा असलेल्या दुकानांत मिळतो आणि त्याची किंमत साडेपाच पौंड आहे. भारतातून ब्रिटनला फिरायला जाणाऱ्याला तर वैध भारतीय परवान्यावर १२ महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते, तरी हीच संकेतस्थळे ब्रिटनसाठीही आयडीपी ‘आवश्यक’ म्हणून विकताना दिसतात.

पैशांपेक्षा मला जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट निराळीच आहे. आमच्या परवान्यांची छायाचित्रे, सह्या, चेहऱ्यांची छायाचित्रे आणि पासपोर्टचे क्रमांक कोणत्या देशात आहेत हेही न कळणाऱ्या लोकांच्या हाती गेले आहेत. सही आणि चेहरा सहजासहजी बदलता येत नाही. ज्यांनी अशी माहिती दिली आहे, त्यांनी दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते अधूनमधून पाहावे आणि आपल्या नावावर एखादे अनोळखी कर्ज निघालेले नाही ना, यासाठी पतअहवाल मागवून तपासावा. आम्ही दोन्ही गोष्टी सुरू केल्या आहेत.

पैसे परत मिळवताना बँकेचे पहिले उत्तर असे होते की व्यवहार तुम्ही स्वतः ओटीपी देऊन केला आहे, त्यामुळे अनधिकृत व्यवहारात ग्राहकाला मिळणारे संरक्षण इथे लागू होत नाही. ते बरोबरच आहे. १९३० या सायबर मदतवाहिनीवर तक्रार नोंदवून घेतली गेली, पण वस्तू घरी पोहोचली आहे म्हटल्यावर पुढच्या चौकशीचा वेग मंदावला. उपयोगी पडला तो वेगळा मार्ग. कार्ड देणाऱ्या बँकेकडे ‘वर्णनाप्रमाणे वस्तू मिळाली नाही’ या कारणाखाली व्यवहाराबद्दल विवाद नोंदवता येतो. त्याला मुदत असते, म्हणून प्रवासाहून परतल्याबरोबर तो नोंदवावा. सोबत संकेतस्थळाच्या पहिल्या पानावरच्या दाव्यांची छायाचित्रे जोडली, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भाड्याच्या गाडीच्या कंपनीने ‘सादर केलेला आयडीपी १९४९ च्या करारानुसारचा नाही, म्हणून गाडी देता आली नाही’ असे आमच्या विनंतीवरून दिलेले लेखी पत्र जोडले. ते पत्र त्या दिवशी काउंटरवरच मागून घेण्याचे पत्नीला सुचले होते. संकेतस्थळाने आधी अटींच्या पानावरचे ते बारीक अक्षरांतले वाक्य पुढे करून विवादाला विरोध केला, त्यानंतर एकदा पुढील खरेदीवर सवलत देऊ केली, आणि अखेरीस पुस्तिकांची रक्कम आमच्या खात्यात परत आली. कुरियरचे पैसे, परकीय चलनाच्या व्यवहारावर बँकेने लावलेला अधिभार आणि त्यावरचा जीएसटी मात्र परत मिळाला नाही, आणि आरक्षण रद्द झाल्याच्या शुल्काचा तर या विवादाशी संबंधच नव्हता.