8 महिने पेट्रोलियम जेली वापरल्यावर: एक्झिमावाल्या हातांचा अनुभव

आधीच सांगते, हे एका महिन्याच्या उत्साहात लिहिलेलं नाहीये. आठ महिने रोज वापरून मग लिहितेय, कारण मी रात्री दोन वाजता हात खाजवत फोनवर शोधत बसायचे तेव्हा सगळीकडे "मस्त आहे, नक्की घ्या" एवढंच वाचायला मिळायचं, पण कधी लावायचं, किती लावायचं, कुठे लावायचं नाही हे काही कळायचं नाही.

माझा त्रास म्हणजे दोन्ही मनगटं, हाताची मागची बाजू आणि कोपराच्या आतल्या घडीत लाल कोरडे चट्टे. पापुद्रे निघायचे, भेगा पडायच्या, साबण लागला की चुरचुरायचं, आणि खाज अशी की झोपेत खाजवून सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. डॉक्टरांनी एक्झिमा म्हणून सांगितलं. त्याआधी मी काय काय नाही केलं, सुवासिक क्रीम, टोनर, स्क्रब, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून लिंबाचा रस सुद्धा, त्या दिवशी अक्षरशः रडले. आता कळतंय की का, निरोगी त्वचेचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचं माप, 7 म्हणजे मधलं) साधारण 5 च्या आसपास असतो आणि लिंबाच्या रसाचा 2 च्या जवळ, आणि उलट्या बाजूला साध्या साबणाच्या वडीचा 9 ते 10 पर्यंत जातो. म्हणजे मी आधीच फाटलेल्या त्वचेला दोन्हीकडून मारत होते. खाण्याचा सोडाही त्याच कारणासाठी नको, "नॅचरल आहे" म्हणून तो सौम्य होत नाही.

डॉक्टरांनी फार छान समजावलं. त्वचेचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो, पेशी म्हणजे विटा आणि मधे सिमेंटसारखे स्निग्ध पदार्थ, सिरॅमाइड वगैरे. एक्झिमात ते सिमेंटच कमी पडतं, मग आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं जे काही येईल ते आत शिरून आग करतं. आणि मग म्हणाले, सगळं बंद करा, बिनवासाचा सौम्य क्लेन्झर आणि साधी पेट्रोलियम जेली. मला वाटलं एवढंच? ही जेली तर 1872 साली पेटंट घेतलेली गोष्ट, तेलविहिरीच्या पंपांवर साचणाऱ्या मेणासारख्या थरातून निघालेली, कामगार ती जखमांना लावायचे म्हणे. एवढ्या जुन्या वस्तूनं काय होणार असं मनात आलंच.

आणि पहिले तीन आठवडे खरंच काही झालं नाही. उलट वरून चिकट आणि आतून तशीच ताणलेली, मी तर सोडूनच देणार होते. चूक माझी होती आणि ती ताईच्या लक्षात आली. मी रात्री झोपताना कोरड्या ठणठणीत हातांवर जेली चोपडत होते. ती म्हणाली अगं जेलीत पाणी नाहीये, ती फक्त आहे ते पाणी अडवते, मग कोरड्यावर लावून अडवणार काय? बस, इथूनच सगळं बदललं. आता आंघोळ 5 ते 10 मिनिटं, कोमट पाण्यानं (गरम पाणी लागताना छान वाटतं आणि नंतर खाज दुप्पट), टॉवेलनं घासायचं नाही, नुसतं टिपायचं, आणि अंग ओलसर असतानाच तीन मिनिटांच्या आत लावायचं. ग्लिसरीनवालं बिनवासाचं क्रीम आधी आणि त्यावर जेलीचा पातळ थर. दिवसभरात हात धुतले की दर वेळी थोडं पुन्हा. पाणी अडवण्यात जेलीच्या जवळपास दुसरं काही येत नाही, चाचण्यांमधे त्वचेतून उडणारं पाणी ती 98 टक्क्यांपर्यंत कमी करते, पण तिला अडवायला पाणी दिलं पाहिजे ना.

किती लावायचं याचंही एक माप आहे. तर्जनीच्या शेवटच्या पेरापासून टोकापर्यंत ट्यूबमधून जेवढी पट्टी येते ती साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढ्यात मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढा भाग होतो. हे माप मुळात डॉक्टरांनी दिलेल्या औषधी मलमांसाठी, जेली आणि क्रीमला थोडं जास्त चालतं, पण अंदाज येतो. मी आधी डबीतून बोटभर काढायचे आणि मग कपड्यांना पुसायचे.

असं नीट लावायला लागल्यापासून चौथ्या-पाचव्या आठवड्यात भेगा मिटायला लागल्या. वरची त्वचा बदलायला साधारण महिना लागतो असं म्हणतात, ते माझ्या बाबतीत तरी अगदी जुळलं, त्यामुळे आठ दिवसांत "उपयोग नाही" म्हणून कृपया सोडू नका. रात्री जेली लावून वर सुती हातमोजे घालते, त्यानं झोपेतलं खाजवणं जवळपास थांबलं. नखं कायम कापलेली. खाज उसळली की गार पाण्यात भिजवून पिळलेलं मऊ कापड दहा मिनिटं ठेवायचं, बर्फ थेट नाही, आणि मग परत क्रीम. खाजवलं की अजून सूज, सुजेनं अजून खाज, ते चक्र तोडायचं म्हणजे हाताला दुसरं काहीतरी करायला द्यायचं, मी चट्ट्यावर नुसता तळहात दाबून धरते.

चट्टे जास्त भडकले तेव्हा ओट्सची अगदी बारीक पूड कोमट पाण्यात मिसळून त्यात हात दहा मिनिटं बुडवून ठेवले. ओट्समधे दाह कमी करणारे घटक असतात आणि मला खरंच शांत वाटायचं, पण तो आराम काही तासांचा, जेलीसारखा टिकणारा नाही. पूड दळताना बारीकच झाली पाहिजे, पाण्यात टाकल्यावर दुधासारखं दिसलं पाहिजे, नाहीतर खाली गाळ बसतो. आणि हे आंघोळीच्या पाण्यात टाकणार असाल तर फरशी फार निसरडी होते, जपून.

अजून एक, लेबल वाचा. "अनसेंटेड" म्हणजे त्यात सुगंधी घटक नसतीलच असं नाही, मूळ वास झाकायला ते घातलेले असू शकतात, त्यामुळे "फ्रेग्रन्स-फ्री" बघायचं. कुठलीही नवीन गोष्ट मी आधी कोपराच्या आत नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघते. कपड्यांना एकदा जास्तीचं पाणी दाखवून धुवायला लागले त्याचाही मनगटाला फरक पडला.

आता तक्रारी. चिकट आहे, फोनच्या स्क्रीनवर ठसे, चादरीवर तेलकट डाग, आणि दमट उकाड्यात जाड थर लावला तर घामोळं येतं, तेव्हा मी फक्त क्रीमवर राहते. डबीत बोटं घालू नका, स्वच्छ चमच्यानं काढा किंवा ट्यूबच घ्या. आणि हे फार कमी लोक सांगतात म्हणून ठळक सांगते, जेली मुरलेले कपडे आणि चादरी पटकन पेट घेतात आणि नुसत्या धुण्यानं ती पूर्ण निघत नाही, म्हणून गॅस, मेणबत्ती, सिगरेट यांच्या जवळ जाताना ते कपडे अंगावर नकोत.

एक चूक मात्र महागात पडली. पाचव्या महिन्यात दंडावर एक गोल चट्टा आला, मी एक्झिमाच समजून जेली आणि घरात पडलेलं स्टेरॉइडचं मलम लावत राहिले. पहिले काही दिवस लाली कमी, मग कडा पसरत गेली, मधे त्वचा साफ आणि कडेला रिंगण. तपासणीत नायटा निघाला, म्हणजे बुरशी. स्टेरॉइडनं लाली दबते पण बुरशी आत वाढतच राहते, मला सहा आठवडे गेले तो घालवायला. गोल, कडा उठलेला चट्टा दिसला तर स्वतः काही लावू नका. तसंच पिवळी खपली, पू, ताप, किंवा अचानक एकसारखे छोटे दुखरे फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टर, तिथे जेलीचं काम नाही.

स्टेरॉइड वाईट आहे असं म्हणत नाहीये, सहाव्या महिन्यात मनगट पुन्हा भडकलं तेव्हा डॉक्टरांनी दिलेलं मलम ठरलेले दिवस लावलं आणि बसलं. जेलीनं फक्त एवढं केलं की आधी महिन्याला दोनदा लागायचं ते मलम एक्झिमासाठी आठ महिन्यांत एकदाच काढावं लागलं. कोपरं आता साफ आहेत, मनगटावर फिकट डाग उरलेत. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी एक भेग अजून उघडते, जास्त भांडी घासली की हमखास, तिथे आता आतून सुती आणि वरून रबरी असे दुहेरी मोजे घालून बघतेय, दोनच आठवडे झालेत.