सड्यावरची जमीन: चिरेखाणीला द्यावी, काजू लावावा की कातळ तसाच ठेवावा?

शिमग्याला गावी आलेल्या चाकरमान्याला हल्ली हा प्रश्न हमखास विचारला जातो. पालखी नाचवून घरी परतताना कोणीतरी बाजूला घेतं, "सड्यावरचा तुमचा तुकडा पडूनच आहे ना? खाणीला देता का?" सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं, सपाट माळरान. सातबारावर ती जमीन पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारी. वर्षानुवर्षं तिथून गवताच्या चार भाऱ्यांपलीकडे काही आलेलं नाही, आणि समोरचा तर रोख रक्कम सांगतोय. मुंबईला परत जायची गाडी दोन दिवसांवर. अशा घाईत सह्या झालेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पैशाच्या आधी पाण्याचा हिशोब मांडा. आपल्या किनारपट्टीवर रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. एका गुंठ्यावर चार महिन्यांत झालं साधारण 3 लाख लिटर पाणी, दहा हजार लिटरचे तीस टँकर. सगळं काही मुरत नाही, बरंचसं पऱ्यांनी, म्हणजे ओढ्यांनी, वाहून खाडीला मिळतं. पण जांभा हा भोकाभोकांचा दगड. जेवढं आत जिरतं तेवढं तो धरून ठेवतो, खालच्या चिकण मातीच्या थरावर ते अडतं आणि सड्याच्या कडेने झऱ्यांवाटे हळूहळू बाहेर येतं. त्या झऱ्यांवर खालच्या वाडीच्या विहिरी चालतात. जमीन तुमच्या नावावर असेल, पण तिच्यात मुरलेलं पाणी दुसऱ्याच्या पोहऱ्यात जातं. तिन्ही पर्याय मी याच मापाने तोलणार आहे.

चिरेखाण

चिरा म्हणजे जांभ्याचा कापून काढलेला ठोकळा. आपली बहुतेकांची घरं चिऱ्याचीच. गडगे, विहिरीची बांधणी, देवळाची जोती, सगळं जांभ्याचं. तेव्हा खाण म्हणजे पाप असं मी म्हणणार नाही. भाजलेल्या विटेला लागतं तसं जळण चिऱ्याला लागत नाही. ईस्ट इंडिया कंपनीसाठी मुलुखाची पाहणी करणाऱ्या फ्रान्सिस बुकानन याने 1807 साली या दगडाला लॅटेराइट हे नाव दिलं, तेही केरळात लोक तो विटांसारखा कापून काढताना पाहूनच. जमिनीत असताना मऊ, उघड्यावर आला की कडक, हा त्याचा गुण.

कधी चालू खाणीवर गेलात तर नुकताच कापलेला चिरा हातात घेऊन बघा. वर लाल भुकटी असते, पण आतून तो गार आणि ओलसर लागतो, भर एप्रिलमध्येसुद्धा. तोच ओलावा खालच्या विहिरीत उतरायचा असतो. ट्रकमधून दगड जातो तेव्हा पाणी साठवायची जागाच उचलली जाते.

खाण संपल्यावर खड्ड्यात पाणी साठेल, विहिरींना फायदाच होईल, असं ठेकेदार सांगतो. हे अर्धं खरं आहे. पाणी साठतं, पण भुकटीचा गाळ तळाशी बसून मुरण्याच्या वाटा बुजवतो, उघडं पाणी उन्हाने आटतं, आणि कठडा नसलेल्या खड्ड्यात गुरं आणि पोरं पडण्याची भीती कायमची राहते. खोदाई मातीच्या थरापर्यंत गेली असेल तर पाणी धरायला दगडच उरलेला नसतो.

आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला काही वर्षांपूर्वी खाण सुरू झाली. पहिल्याच पावसात लाल चिखल पऱ्यातून उतरून खालच्या मळ्यांत पसरला. लावणी होऊन आठवडा झालेला, रोपं गाळात बुडाली. झरा पूर्वी पाडव्यापर्यंत वाहायचा, तो आता शिमग्याआधीच बारीक होतो. सगळा दोष खाणीचा असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, त्याच वर्षांत गावात विंधनविहिरीही वाढल्या. पण चिखल कुठून आला याबद्दल कोणालाच शंका नव्हती. तो पुढे खाडीत गेला, जिथे आमच्या बायका ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, काढतात. ठेकेदार जमीनमालकाशी बांधलेला होता, वाडीशी नाही. त्यामुळे भरपाई मागायला जायचं कोणाकडे, हेच ठरेना.

कागदाचीही एक बाजू आहे. चिरा हे गौण खनिज. सर्वोच्च न्यायालयाने 27 फेब्रुवारी 2012 रोजी पाच हेक्टरपेक्षा लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सांगितलं. परवाना नसताना किंवा परवान्यापेक्षा जास्त काढलं, तर दंडाचा बोजा तुमच्या सातबारावर चढू शकतो. तोवर ठेकेदार दुसऱ्या सड्यावर गेलेला असतो.

काजू

काजू पोर्तुगीजांनी आणला आणि तो आता इथलाच झाला. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 या जाती घरोघरी माहीत आहेत. सात बाय सात मीटरवर लावली तर एकरी ऐंशीच्या आसपास कलमं बसतात, तिसऱ्या वर्षी बी दिसू लागते, चांगलं उत्पन्न त्यानंतर काही वर्षांनी. मुळं आणि पालापाचोळा माती धरून ठेवतात, दगड जागेवर राहतो. पाण्याच्या मापाने काजू खाणीपेक्षा कितीतरी बरा.

पण नुसत्या कातळावरची बाग आणि मातीच्या जमिनीतली बाग यांत फरक करा. कातळावर ब्रेकर लावून खड्डे फोडावे लागतात आणि माती बाहेरून आणावी लागते. ती येते कुठल्या तरी डोंगराच्या उतारावरून, म्हणजे एका जागेची धूप विकत घेऊन दुसरीकडे झाड उभं करायचं. मोहोरावर ढेकण्या ही कीड येते तेव्हा औषधाचा मोह आवरत नाही. केरळात कासरगोडच्या काजूबागांवर याच किडीसाठी वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारलं गेलं. लोकांचे आणि जन्मलेल्या मुलांचे हाल झाले, आणि 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने ते औषध देशभर थांबवलं. आपल्याकडे फवारणी पाठीवरच्या पंपाने होते, पण सड्यावर फवारलेलं उतरतं त्याच झऱ्यात. तणनाशकाचंही तेच. गवत कापायला माणूस मिळत नाही ही अडचण खरी आहे, मीही ती सोसतो, तरी झऱ्याच्या वरच्या बाजूला तणनाशक मारू नये यावर मी ठाम आहे.

भावाची खात्री नाही, आफ्रिकेतून येणारी बी दर पाडते. नुसत्या काजूवर घर चालेल असं समजू नका.

तसाच ठेवला तर

यात हातात पैसा जवळजवळ नाही, हे आधी कबूल करतो. मग मिळतं काय?

भाद्रपदात एकदा सड्यावर चपला काढून बसा. तळहाताएवढ्या खळग्यात बोटभर पाणी असतं, त्यात सीतेची आसवं ही जांभळी फुलं. पाण्यातले बारीक किडे ती मुळांसारख्या तंतूंवरच्या इवल्या पिशव्यांत पकडतात, कारण कातळावर त्यांना दुसरं खत मिळत नाही. शेजारी गेंदाची पांढरी बटणं. पावसाच्या सुरुवातीला दीपकाडी फुलते, जी कोकण-गोव्याच्या या पट्ट्याबाहेर जगात कुठे उगवत नाही. सातबारा याला पोटखराब म्हणतो.

आणि कातळशिल्पं, म्हणजे सड्याच्या कातळावर जुन्या काळी कोरलेली चित्रं. कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे, कुडोपी इथल्या शिल्पांसह कोकणातली नऊ ठिकाणं 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे. यांतली कितीतरी शिल्पं मातीच्या पातळ थराखाली होती आणि गुराख्यांच्या आठवणींवरून सापडली. तेव्हा कोणताही करार करण्याआधी गावातल्या जुन्या माणसाला घेऊन तुकडा फिरा आणि कुठे रेघ दिसली तर केरसुणीने झाडून बघा. सापडलं तर पुरातत्त्व विभागाला कळवा. एकदा चिरे निघाले की शिल्प परत येत नाही.

माझा कौल स्पष्ट आहे. तुकड्याखाली झरा किंवा वाडीची विहीर असेल तर खाणीला देऊ नका, रक्कम कितीही असो. जिथे हातभर तरी माती आहे तिथे, बहुधा सड्याच्या कडेला, काजू लावा; उघडा कातळ आणि त्यावरचं गवत राहू द्या. पैशाची नड खरोखरच मोठी असेल आणि खाली वस्ती नसेल, तर खाण द्या. पण खोली किती, वरची माती कुठे रचायची, पावसाचा गाळ अडवायला बांध कोण घालणार आणि शेवटी खड्डा कोण बुजवणार, हे चारही मुद्दे करारात लिहून घ्या, आणि सर्व सहहिस्सेदारांच्या सह्यांआधी तो वाडीच्या बैठकीत वाचून दाखवा.

शिमग्यात विचारणाऱ्याला उत्तर मे महिन्यात देतो म्हणून सांगा. मे महिन्यात पहाटे खालच्या विहिरीवर जा, पाण्याला कोण कोण येतं आणि पोहरा कितीदा सोडला की कळशी भरते ते बघा, आणि मग ठरवा.