काक्षीची तेजस्विता: डोळ्यांनी की कॅमेऱ्याने?

मृगातल्या काक्षीसारख्या तांबड्या महाराक्षसी ताऱ्याची नोंद ठेवायची म्हटलं की पहिला प्रश्न हाच पडतो. मी दोन्ही करून पाहिलंय.

डोळ्यांनी करताना एकीकडे प्रश्वा हा तारा (प्रत ०.४; प्रत म्हणजे तेजस्वितेचा आकडा, तो जितका लहान तितका तारा तेजस्वी), दुसरीकडे रोहिणी (०.९) धरायची आणि काक्षी त्यांच्यात कुठे बसते ते ठरवायचं. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शल यांनी १८३६ साली तिचा चढउतार हेरला तो नुसत्या नजरेनंच. फेब्रुवारी २०२०मध्ये, तिनेच बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ आड आली आणि ती १.६ पर्यंत उतरली, तेव्हाही शेजारच्या बेलाट्रिक्सशी तिची झालेली बरोबरी कुणालाही दिसत होती. पण असे प्रसंग विरळा. एरवी साधारण चारशे दिवसांच्या चक्रात ती सावकाश वर-खाली होते, आणि सरावलेला डोळाही दशांशभर चुकतोच.

मला छळलं ते तिच्या रंगानं. तांबड्या ताऱ्यावर नजर खिळवली की तो उजळत जातो. गच्चीवर पहिल्या नजरेला ०.७ वाटलेली काक्षी मिनिटभर पाहत राहिलं की ०.४ वाटायची. झटकन बघून नजर काढून घ्यावी, असं जाणकार सांगतात. त्याचा उपयोग होतो, पण दमलेल्या रात्री माझा आकडा हटकून वेगळा यायचा. रोहिणी निदान नारिंगी तरी आहे. पांढुरक्या प्रश्वाशी तुलना करताना तर माझा माझ्यावरच विश्वास बसेना.

रंगाचा त्रास कॅमेऱ्यालाही आहे. ५० मिमीच्या लेन्समध्ये काक्षीसोबत बेलाट्रिक्स आरामात मावते, पण ती निळसर. हिरव्या चॅनेलमधून, म्हणजे फोटोतला फक्त हिरवा प्रकाश धरून, मोजलं तरी उत्तर थोडं सरकतं. मात्र रोज जवळपास तेवढंच सरकतं! त्यामुळे आलेख वर गेला की तारा खरंच उजळला असं मानायला जागा राहते. फोकस जरा बिघडवून रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) फोटो घ्यायचे, म्हणजे तारा सेन्सरवर पसरतो आणि त्याचा मधला भाग जळत नाही. आठ-दहा फोटोंची सरासरी काढली की लुकलुक बरीचशी निघून जाते. मोजणी कंटाळवाणी आहे, हे खरं. तारे पुरेसे वर येईपर्यंत थांबणं दोन्हीकडे सारखंच.

यासाठी नवा कॅमेरा घ्या, असं मी म्हणणार नाही. पण घरात जुना डीएसएलआर पडून असेल, तर मी तरी तोच ट्रायपॉडवर चढवेन. डोळ्यांचा अंदाज अजूनही घेतो, पण तो फोटो मोजण्याआधी लिहून ठेवतो. आकडा एकदा कळला की नजर त्याच्याकडेच ओढली जाते.