‘आत्म्यातील संवाद’ पद्धत: पॅरिश कौन्सिलसाठी कशी आहे?

ऑक्टोबर २०२३ मध्ये रोमच्या सिनडला, म्हणजे कॅथोलिक चर्चच्या विचारविनिमयाच्या सभेला, कार्डिनल, बिशप, सिस्टर आणि प्रापंचिक एकाच गोल टेबलाभोवती बसले, ते याच पद्धतीने, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रेरणेकडे कान देत एकमेकांचं ऐकून, देवाची इच्छा शोधायला. धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळातही, म्हणजे पॅरिश कौन्सिलमध्येही, ती उत्तम चालते, पण वेळ काढावा लागतो.

एका गटात दहा-बारा जणच घ्या. प्रश्न आणि लागणारे आकडे आठवडाभर आधी प्रत्येकाच्या हातात हवेत. सुरुवात शांत प्रार्थनेने. पहिल्या फेरीत प्रार्थनेतून जे उमगलं ते प्रत्येकाने तीन मिनिटांत सांगायचं, मध्ये कुणी बोलायचं नाही. मग चार मिनिटं शांतता. दुसऱ्या फेरीत स्वतःचा मुद्दा बाजूला ठेवून इतरांच्या बोलण्यातलं काय मनाला भिडलं, कुठे उभारी आली, कुठे जीव अस्वस्थ झाला, एवढंच सांगायचं. पुन्हा शांतता. तिसऱ्या फेरीत मोकळी चर्चा.

अकरा जणांच्या दोन फेऱ्यांनाच सहासष्ट मिनिटं लागतात, म्हणजे एकूण दोन तास धरा. मिस्सानंतरच्या (चर्चमधल्या उपासनेनंतरच्या) पाऊण तासात उरकायला गेलं की नेमकी दुसरी फेरी कापली जाते, आणि सगळा कस तर तिच्यातच आहे. तिथे कुणी ‘मी मघाशी म्हणालो तसं’ अशी सुरुवात केली, की समन्वयकाने प्रेमाने पण तिथल्या तिथे थांबवावं. फादरांनी शेवटी बोलावं. ते आधी बोलले की पुढचे सगळे ‘फादर म्हणाले तेच’ म्हणून मोकळे होतात.

‘तरुणांसाठी काय करावं?’ हा प्रश्न फार पसरट आहे. ‘धर्मशिक्षणाचा वर्ग रविवारी सकाळऐवजी शनिवारी संध्याकाळी घ्यावा का?’ हा चालतो. गळक्या छपरासाठी मात्र इंजिनिअरच बोलवा.

पद्धतीची उणीव एकच: होय की नाही, हे ती आपणहून ठरवून देत नाही. त्यासाठी जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस आणि सोबत्यांनी १५३९ मध्ये रोमला केलं ते जोडून घ्यावं. आपल्यातल्या एकाच्या आज्ञेत राहायचं का, हा त्यांचा प्रश्न होता. एका दिवशी प्रत्येकाने फक्त विरोधातली कारणं मांडली, दुसऱ्या दिवशी फक्त बाजूची. बैठकीबाहेर एकमेकांचं मन वळवायला बंदी. तीनेक महिन्यांत सगळे एकमताला आले. या रीतीत आपलाच हट्ट धरून बसायला जागा उरत नाही, कारण प्रत्येकाला दोन्ही बाजू मांडाव्या लागतात.

टिपणात मतभेदही जसेच्या तसे लिहा आणि उठण्याआधी मोठ्याने वाचून दाखवा.