कॅम्परव्हॅन की कार-मोटेल? न्यूझीलंडच्या दक्षिण बेटासाठी

“ताई, व्हॅन घेऊ की कार?” धाकटी बहीण आठवडाभर हेच विचारतेय. मार्ग ठरलाय: क्राइस्टचर्च, टेकापो, पुकाकी, आओराकी (म्हणजे माउंट कुक), वानाका, क्वीन्सटाउन.

आधी खर्च. व्हॅनचं भाडं कारपेक्षा बरंच जास्त, आणि गाडी डिझेलची असेल तर किलोमीटरमागे रस्ता-कर वेगळा. मोटेलचे पैसे वाचतात, पण विजेची जोडणी असलेल्या कॅम्पसाइटला पैसे मोजावेच लागतात. कुठेही फुकट मुक्काम करता येतो, हे मनातून काढून टाक. बऱ्याच जागी सेल्फ-कंटेन्ड प्रमाणपत्र (संडास, पाणी, सांडपाण्याची सोय गाडीतच असल्याचा दाखला) लागतं आणि २०२३ च्या कायद्यानंतर नव्या प्रमाणपत्रासाठी गाडीत पक्का बसवलेला संडास हवा.

चालवायला कार केव्हाही सोपी. वानाका-क्वीन्सटाउन मधला क्राउन रेंजचा रस्ता १०७६ मीटरपर्यंत चढतो. तिथल्या वळणांवर उंच गाडी जीव मुठीत धरायला लावते.

कष्टही व्हॅनमध्येच जास्त: रोज अंथरूण घडी करा, सांडपाणी काढा, संडासाची टाकी रिकामी करा.

पण पहाट! आओराकीजवळच्या व्हाइट हॉर्स हिल कॅम्पसाइटवर दार सरकवलं, खांद्यावर पांघरूण, हातात वाफाळता चहा, आणि समोर ३७२४ मीटरच्या आओराकीच्या टोकावर पहिलं ऊन. मोटेलच्या खिडकीतून हे मला कधीच मिळालं नाही.

दहा दिवस हाताशी असतील आणि दोघंच जात असाल तर व्हॅनच घ्या. चार-पाच दिवस असतील, किंवा आई-बाबा सोबत येणार असतील, तर कार.