अपंगत्व पेन्शन मिळवून देतो म्हणणाऱ्याने केलेली फसवणूक

माझे यजमान लष्करात नऊ वर्षे शिपाई होते. कमरेच्या मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांची वैद्यकीय श्रेणी खालावली. मेडिकल बोर्डाने ३० टक्के अपंगत्व लिहून त्यांना सेवेतून कमी केले. मात्र हे दुखणे सेवेमुळे उद्भवलेले नाही आणि सेवेमुळे वाढलेलेही नाही, असा शेरा त्याच कागदावर मारला. पंधरा वर्षे पूर्ण न झाल्याने नेहमीची पेन्शन नाही आणि या शेऱ्यामुळे अपंगत्व पेन्शनही नाही, अशा अवस्थेत ते दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी परतले आणि जिनिंगमध्ये रात्रपाळीची चौकीदारी करू लागले. चार वर्षांनी एका माणसाने हा डिस्चार्ज अपंगत्व पेन्शनमध्ये बदलून देतो असे सांगून आम्हाला गाठले. आमच्या भागातून फौजेत गेलेली आणि अशीच मध्येच परत आलेली मुले अनेक आहेत, म्हणून पुढचे सविस्तर लिहीत आहे.

हा माणूस स्वतःला रेकॉर्ड ऑफिसमधला, म्हणजे जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयातला, निवृत्त क्लार्क म्हणवत असे आणि बाजाराच्या दिवशी तालुक्याला एका झेरॉक्सच्या दुकानात बसत असे. त्याचे सगळेच बोलणे खोटे नव्हते, आणि तेच सर्वांत घातक ठरले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या धरमवीर सिंग प्रकरणाचा त्याने दिलेला दाखला खरा आहे. त्या जवानालाही नऊ वर्षांच्या सेवेनंतर फिट्सच्या आजारामुळे २० टक्के अपंगत्व लिहून घरी पाठवले होते. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असे धरले पाहिजे, आणि आजार सेवेशी संबंधित नाही असे म्हणायचे तर बोर्डाने कारणे दिली पाहिजेत, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. अपंगत्व पेन्शनसाठी किमान २० टक्के अपंगत्व लागते आणि ५० टक्क्यांपेक्षा कमी असलेले अपंगत्व ५० टक्के धरले जाते, हेही त्याने बरोबर सांगितले. (२१ सप्टेंबर २०२३ पासून सेवा सोडणाऱ्यांना नवे नियम लागू आहेत, हे येथे नमूद करते.) इतके नेमके ऐकल्यावर आमचा विश्वास बसला, आणि माझ्या मते कोणाचाही बसला असता.

त्यानंतर मागण्या सुरू झाल्या. "वहिनी, तुम्ही फक्त सह्या करा, बाकी माझ्यावर सोडा," असे म्हणून त्याने कापसाच्या पैशांतले ३५ हजार रुपये, मूळ डिस्चार्ज बुक (सेवेची आणि सेवेतून कमी केल्याची नोंद असलेले पुस्तक), मेडिकल बोर्डाचे कागद आणि दोन कोरे चेक घेतले. डिस्चार्जच्या दिवसापासूनची सगळी थकबाकी मिळेल आणि त्यातला चौथा हिस्सा मुंबईच्या वकिलाची फी म्हणून द्यावा लागेल, असा करार त्याने १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर लिहून घेतला. त्यानंतर दीड वर्ष तो अपील दाखल झाल्याच्या पोचा आणून दाखवत राहिला.

एका दुपारी मी त्या पोचा शेजारी शेजारी मांडल्या. तिन्हींवर निळ्या शाईचा गोल शिक्का होता, पण आवक क्रमांक एकीवरही नव्हता. तारखा वेगवेगळ्या महिन्यांच्या असूनही शिक्क्याची उजवी कड तिन्ही ठिकाणी अगदी सारखीच पुसट होती. हाताने मारलेला शिक्का दर वेळी असा हुबेहूब उमटत नाही. मी रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून माहितीच्या अधिकारात अर्ज केला. आमच्या नावाने एकही अपील आलेले नाही, असे लेखी उत्तर आले.

पैसे गेले त्यापेक्षा वेळ गेला याचा मला अधिक संताप आहे. पेन्शन नाकारल्यावर पहिले अपील सहा महिन्यांत करायचे असते. मुदत उलटली तरी उशिराचे कारण देऊन दाद मागता येते. परंतु उशिरा येणाऱ्याला साधारणपणे अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांचीच थकबाकी मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या तरसेम सिंग प्रकरणात ठरवले आहे. त्यामुळे सगळी थकबाकी मिळेल हे त्याचे आश्वासन मुळातच खोटे होते, आणि त्याने आम्हाला दीड वर्ष झुलवत ठेवल्याने मागची तेवढ्याच काळाची थकबाकी आता निकाल आमच्या बाजूने लागला तरी हाती येण्याची आशा नाही.

त्या कराराचीही भीती बाळगण्याचे कारण नाही. पुढे मिळणाऱ्या पेन्शनमधला हिस्सा आधीच लिहून देणारा करार १८७१ च्या पेन्शन कायद्याच्या कलम १२ प्रमाणे रद्दबातल ठरतो. खुद्द वकिलालाही निकालावर अवलंबून असलेली फी ठरवण्यास किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. म्हणून टक्केवारीची भाषा निघाली की तिथेच उठून यावे. मेडिकल बोर्डातल्या ओळखीने किंवा खाजगी दाखल्याने टक्के वाढवून देतो म्हणणाऱ्यालाही थारा देऊ नये, कारण खाजगी डॉक्टरचा दाखला लष्करी बोर्डाच्या कागदाची जागा घेत नाही आणि बनावट कागद जोडला गेला तर खरा दावाही बुडतो.

मेडिकल बोर्डाच्या कागदांची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहिण्यास मदत मिळते आणि तिथे कोणी वाटा मागत नाही. अपिले फेटाळली गेली तर जवानांचे असे दावे ऐकणाऱ्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आहे. आम्ही आता याच मार्गाने विलंबमाफीच्या अर्जासह अपील रजिस्टर्ड टपालाने पाठवले असून टपालाची पावती जपून ठेवली आहे. दोन्ही कोऱ्या चेकचे पेमेंट बँकेला लेखी कळवून थांबवले आहे, आणि पोलिसांतील तक्रारीची प्रत व शपथपत्र जोडून डिस्चार्ज बुकच्या दुय्यम प्रतीसाठी अर्ज केला आहे. ज्यांनी त्या झेरॉक्सच्या दुकानात कागद दिले असतील, त्यांनी निदान चेक तरी आजच थांबवावेत.